स्वरयंत्राच्या चेता विच्छेदनात कशा शोधाव्यात

मानेचे विच्छेदन सुरू झाले की विद्यार्थी थेट परावर्ती चेतेच्या, म्हणजे रिकरंट लॅरिंजियल नर्व्हच्या मागे लागतात आणि ती सापडेपर्यंत वरच्या दोन नाजूक शाखा चिमट्यात तुटून गेलेल्या असतात. म्हणून सुरुवात वरून करावी.

खांद्यांखाली ठोकळा देऊन मान मागे झुकवावी, स्टर्नोमास्टॉइड स्नायू बाहेरच्या बाजूस सारावा आणि कॅरोटिड आवरण, म्हणजे मानेतील मोठी धमनी व शीर यांना वेढणारे वेष्टन, उभे उघडावे. धमनी व शीर यांच्या मधल्या मागच्या खाचेत व्हेगस चेता असते. तिच्याभोवती रंगीत दोरा सैलसर बांधावा, कारण पुढे शोधायच्या सर्व चेता तिच्याच शाखा आहेत.

आता जिभेच्या मुळाशी असलेली हायॉइड अस्थी आणि थायरॉइड कूर्चेची वरची कड यांच्यामध्ये बोट ठेवावे. तेथील पडद्यातून, थायरोहायॉइड स्नायूच्या मागच्या कडेजवळ, ऊर्ध्व चेतेची (व्हेगसची वरची शाखा, सुपीरियर लॅरिंजियल नर्व्ह) अंतःशाखा आत शिरते. सोबतची धमनी बहुधा तिच्या खाली असते. स्वररज्जूंच्या वरच्या श्लेष्मल आवरणाची संवेदना हीच शाखा वाहून नेते, त्यामुळे पाणी चुकीच्या वाटेने गेल्यावर लागणारा ठसका हिच्यामुळेच उद्भवतो. ही शाखा धरून वर गेल्यास, अंतःकॅरोटिड धमनीच्या आतल्या बाजूस, दुसरी फांदी फुटलेली दिसते. ती बहिःशाखा शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक असून ऊर्ध्व थायरॉइड धमनीच्या सोबतीने खाली उतरते आणि क्रिकोथायरॉइड स्नायूला पोहोचते. हा स्नायू स्वररज्जू ताणतो. ही शाखा दुखावली तर बोलणे जवळजवळ पूर्ववत राहूनही गायकाचा तार सप्तकातला स्वर हरवू शकतो.

यानंतर थायरॉइड ग्रंथीची पाळी पुढे व आत उलटावी. अधर थायरॉइड धमनीवर विसंबू नये, कारण परावर्ती चेता तिच्या पुढून, मागून किंवा तिच्या फांद्यांमधूनही जाते. खात्रीची जागा म्हणजे क्रिकोथायरॉइड सांध्यामागे, घशाच्या अधर संकोचक स्नायूच्या खालच्या कडेपाशी, जिथून ती स्वरयंत्रात शिरते. तेथे ऊती घट्ट चिकटलेल्या असतात. चिमटा चेतेच्या दिशेनेच चालवावा, आडवा कधीही नाही. क्रिकोथायरॉइड वगळता स्वरयंत्राचे सर्व अंतःस्थ स्नायू हिच्याच ताब्यात आहेत.

तिला धरून खाली जावे. उजवीकडे ती सबक्लेव्हियन धमनीखालून वळते, तर डावीकडे थेट छातीत, महाधमनीच्या कमानीखालून, लिगामेंटम आर्टेरिओसमला (महाधमनी व फुफ्फुसधमनी यांना जोडणारा तंतुमय पट्टा) लागून. हा विचित्र वळसा गर्भावस्थेचा अवशेष आहे: गर्भाच्या घशाभोवतीच्या कमानींपैकी सहाव्या कमानीच्या धमनीखालून जाणाऱ्या या चेता हृदय खाली सरकताना सोबत ओढल्या गेल्या आणि उजवीकडची ती धमनी अंशतः लोपल्यामुळे तिथली चेता वरच्या, चौथ्या कमानीच्या धमनीला अडली. छातीतील गाठीमुळे घसा बसतो तो बहुधा डाव्या चेतेमुळे, हे विच्छेदनाच्या टेबलावरच डोळ्यांना दिसते.

उजवी परावर्ती चेता श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेत मिळालीच नाही, तर ती कापली गेली असे लगेच ठरवू नये. सुमारे शंभरात एखाद्या व्यक्तीत ती वळसा न घेता मानेतच व्हेगसमधून निघून आडवी स्वरयंत्राकडे जाते. अशा वेळी छातीत पाहावे. उजवी सबक्लेव्हियन धमनी महाधमनीच्या कमानीच्या शेवटच्या टोकाकडून निघून बहुधा अन्ननलिकेमागून जाताना आढळेल.