बांधावरच्या कलमा मोजल्याच नाहीत

सिस्टिम डायनॅमिक्सचं, म्हणजे एखादी व्यवस्था काळानुसार कशी बदलते ते संगणकावर मांडून बघण्याचं, पहिलं मॉडेल मी नागपूरच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून केलं. विषय एलएनजीचा, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूचा, जागतिक बाजार. स्टॉक म्हणजे साठा, फ्लो म्हणजे त्यात येणारी-जाणारी धार, फीडबॅक लूप म्हणजे परिणाम फिरून कारणावर येणं, आणि कशाचा परिणाम कशावर ते दाखवायला बाण. माझं मॉडेल मात्र २०२२ चे भाव घातले की प्रकल्पावर प्रकल्प काढत सुटायचं आणि पाच-सहा वर्षांनी गॅसला कुत्रंही विचारायचं नाही.

डिले, म्हणजे मधला उशीर, घातला होता बरं का! द्रवीकरण प्रकल्प उभा राहायला चार-पाच वर्षं लागतात, एवढं कळत होतं. तरी फसलो. गाइड म्हणाले, "गुणांक बदलून बघ." त्यात दोन महिने गेले. (स्वतः मॉडेल बांधून ज्यांना दहा वर्षं झालीत त्यांचं ऐकून घ्यावं, मान डोलवावी, घरी यावं.)

उलगडा झाला काटोलला, मामाच्या संत्र्याच्या बगीच्यात. भाव चांगला होता. म्हटलं, अजून दोन एकर का लावत नाही?

"भाव काय पायतं बे? रस्त्यानं येताना लोकायच्या कलमा नाही दिसल्या? पाचव्या वर्षी साऱ्यायचाच माल येईन, तवा मी कोनाले इकू?"

माझ्या मॉडेलमधला गुंतवणूकदार फक्त आजचा भाव आणि आजची चालू क्षमता बघत होता. बांधकाम सुरू असलेले प्रकल्प डिलेच्या पोटात गडप. त्यामुळे तीच तूट तो दर महिन्याला नव्याने भरायला निघे. प्रत्यक्षात २०२२ मध्ये युरोप एलएनजीसाठी धावत होता, तेव्हा कतारची कलम आधीच लागलेली होती. नॉर्थ फील्ड ईस्ट या त्यांच्या एलएनजी विस्तार प्रकल्पाचा निर्णय फेब्रुवारी २०२१ चा, वर्षाला ७७ वरून ११० दशलक्ष टनांवर जाण्याचा. तेव्हा 'बांधकामाधीन क्षमता' हा वेगळा स्टॉक काढा आणि तिथून निर्णयाकडे बाण न्या. नुसता स्टॉक काढून बाण विसरलात तर मॉडेल तसंच सुटतं. मी तेही केलंय.

तयार मॉडेल उतरवून आकडे बदलायचा उद्योग करू नका, व्हायवात एका बाणावर अडकाल. पैसेही घालवू नका, अशी मॉडेलं बांधायच्या व्हेन्सिम या सॉफ्टवेअरची शिकाऊ आवृत्ती फुकट आहे. पहिले काही महिने काही जमत नाही. कुणालाच जमत नाही.

एक भानगड उरतेच. सगळे गुंतवणूकदार मामासारखे नसतात, त्यामुळे त्या बाणाला वजन किती द्यायचं? पूर्ण दिलं की भाव सपाट, शून्य दिलं की गॅसचा पूर. मी अजून मधेच कुठेतरी चाचपडतोय, आणि सबमिशन पुढच्या महिन्यात आहे.