लंडनमध्ये आपली पेठ शोधताना

लंडनला नवीन आलेला प्रत्येक फुटबॉलवेडा पहिल्या महिन्यात एकच विचारतो: आर्सेनल नाहीतर चेल्सीचं तिकीट कसं मिळेल? मिळतं, पण आधी सभासदत्व घ्या, मग वाट बघा, मग खिसा रिकामा करा. त्या नादात अख्खा हिवाळा घालवू नका. एक पायरी खाली उतरा. चॅम्पियनशिप ही प्रीमियर लीगच्या खालची, इथली दुसरी श्रेणी. 24 संघ, प्रत्येकाचे 46 सामने, त्यातले 23 घरच्या मैदानावर. 2025-26 च्या हंगामात लंडनचे तीन क्लब त्यात आहेत: शेफर्ड्स बुशचा क्वीन्स पार्क रेंजर्स, बर्मंडसीजवळचा मिलवॉल आणि आग्नेय लंडनचा चार्ल्टन.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असे तिथल्या पेठांच्या संघांचे फुटबॉल सामने बघत वाढलेल्या माणसाला पेठेसाठी घसा का बसवायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. ती ईर्षा, ते आपलेपण मला इथं रेंजर्सच्या लॉफ्टस रोडवर सापडलं. मैदान घरांच्या रांगांच्या मधोमध, जेमतेम 18 हजार प्रेक्षकांचं. पुढच्या रांगांत बसलात तर खेळाडू एकमेकांना काय ओरडतात तेही ऐकू येतं.

चार्ल्टनची गोष्ट तर प्रत्येक कोल्हापूरकराला कळावी. 1985 मध्ये क्लबला आपलं व्हॅली मैदान सोडावं लागलं. परत येण्याला स्थानिक कौन्सिल आडवी आली, तेव्हा समर्थकांनी 1990 च्या ग्रीनिच कौन्सिलच्याच निवडणुकीत स्वतःचा पक्ष उभा केला आणि जवळजवळ 15 हजार मतं मिळवली. डिसेंबर 1992 मध्ये क्लब घरी परतला. व्हॅलीवर जाल तेव्हा हे डोक्यात ठेवून जा, पायऱ्या वेगळ्याच वाटतात.

आता कामाचं. तिकीट क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर खातं उघडूनच घ्या. रस्त्यावर कुणी देऊ केलं तर हात लावू नका, फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं इथं गुन्हा आहे. शनिवारी दुपारी 3 ची वेळ रूढ असली तरी टीव्हीसाठी सामने हलवले जातात, त्यामुळे वेळ पक्की झाल्याशिवाय पुढचे बेत आखू नका. शनिवार-रविवारी ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, कामांमुळे मार्गही बंद असतात, निघण्याआधी बघा. मोठी बॅग घरीच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठं बसायचं. पाहुण्या संघाच्या समर्थकांचा भाग वेगळा असतो. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचा शर्ट किंवा मफलर घालून बसू नका. माझ्या पहिल्या सामन्यात पाहुण्यांनी सुरेख गोल केला आणि मी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी हळूच माझा हात दाबला आणि मान हलवली. त्यांनी मला सांभाळून घेतलं, सगळे घेतीलच असं नाही. बिअर स्टँडच्या मागच्या बाजूला मिळते, पण मैदान दिसेल अशा जागी आणता येत नाही. 1985 पासूनचा कायदा आहे तो. आनंदाच्या भरात मैदानात उतरणंही गुन्हाच.

रंगावरून किंवा देशावरून कुणी काही बोललं तर गिळून गप्प बसू नका. रांग, आसन क्रमांक लक्षात ठेवा आणि लगेच स्ट्यूअर्डला, म्हणजे स्टँडमधल्या व्यवस्था बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, सांगा. तक्रार करणारा इथं उपरा ठरत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. मुलं बरोबर असतील तर कौटुंबिक विभाग मागा. तिथं शिव्याही कमी कानावर पडतात, आणि मुलांची तिकिटं मोठ्यांपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात.

संध्याकाळचे सामने पावणेआठच्या सुमारास सुरू होतात. जानेवारीत दोन तास बसून राहिलं की पाय बधिर होतात, तेव्हा दोन जोड मोजे घाला. आणि दर वेळी जागा बदलू नका, त्याच ब्लॉकमधलं तिकीट घ्या. हंगामाचं तिकीट असलेली मंडळी वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत बसतात. मी पाचव्या सामन्याला गेलो तेव्हा मागच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, मंगळवारी का नव्हतास?