युद्धकाळातली ओळखपुस्तिका घेऊन पाणबुडी चालवताय? या चुका टाळा

‘सायलेंट हंटर ४’ या पाणबुडीच्या संगणकीय खेळात खेळातलंच पुस्तक उघडायचं, जहाज निवडायचं आणि टॉर्पेडो सोडायचा, याचा काही दिवसांनी कंटाळा येतो. मग आपण अमेरिकी नौदलाच्या गुप्तवार्ता कार्यालयाची ‘ओएनआय २०८-जे’ शोधून काढतो. जपानी व्यापारी जहाजांची ही १९४२ची ओळखपुस्तिका: काळ्या आकृत्या, लांबी, वेग, टनभार, सगळं अस्सल. आणि पुढच्याच गस्तीत चारही टॉर्पेडो जहाजाच्या नाळेपुढून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, निघून जातात.

गोंधळ इथे होतो: पुस्तिकेत त्या वेळी अमेरिकेला जेवढं ठाऊक होतं तेवढंच आहे. खेळातलं जहाज मात्र एक मॉडेल आहे, आणि त्याची डोलकाठी मॉडेल करणाऱ्याने जिथे संपवली तिथेच संपते. दोघांचं जमतंय का, हे आधी तपासावं लागतं.

डोलकाठीची उंची डोळे झाकून घेणं

स्टॅडिमीटरचं, म्हणजे पेरिस्कोपमधल्या अंतरमापकाचं, गणित सोपं आहे. पाण्याच्या रेषेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंतचा कोन मोजायचा आणि उंचीवरून अंतर काढायचं. ३० मीटरची डोलकाठी १ अंशात दिसली, तर जहाज सुमारे १,७२० मीटरवर आहे. पण खेळातल्या मॉडेलची डोलकाठी २५ मीटरचीच असेल तर खरं अंतर १,४३० मीटर. म्हणजे जवळजवळ तीनशे मीटरची थाप, आणि तीही अस्सल कागदपत्राच्या जोरावर!

पुस्तिकेतले आकडे फुटांत आहेत, खेळ मीटरवर लावलेला असू शकतो. ते बदलायला विसरू नका. दुसरं म्हणजे, मोजलेली उंची डोलकाठीच्या टोकाची, ध्वजदंडाची की धुरांड्याची, हे जहाजागणिक बदलतं. खेळाच्या मूळ आवृत्तीतल्या उंचीच्या आणि स्टॅडिमीटरच्या चुका दुरुस्त करणारे मॉड (खेळात टाकायचे, खेळाडूंनी केलेले बदल) आहेत, ‘ऑप्टिकल टार्गेटिंग करेक्शन’ त्यातलाच एक. तो टाकल्यावर पुस्तिकेतली उंची लावू नका, मॉडमधलीच वापरा. दोन्हींची सरासरी काढणारे लोकही आहेत, त्यांना नमस्कार.

अंतरावर जीव टाकणं, वेगावर नाही

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टॉर्पेडो जवळजवळ सरळ सोडला, म्हणजे जायरो कोन (नळीतून सुटल्यावर टॉर्पेडो जेवढा वळतो तो) शून्याच्या आसपास ठेवला, तर अंतर चुकल्याने फारसं बिघडत नाही. वेग चुकला तर मात्र सगळं गेलं. अमेरिकी मार्क १४ टॉर्पेडोला ४६ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) १,००० मीटर जायला साधारण ४२ सेकंद लागतात. जहाज १० नॉटने चाललंय आणि तुम्ही १६ धरलेत, तर तेवढ्या वेळात १३० मीटरचा फरक पडतो. मध्यम मालवाहू जहाज अख्खं त्यात मावतं.

हे १६ येतात कुठून? पुस्तिकेतून. तिथे लिहिलेला वेग जहाजाच्या क्षमतेचा असतो. ताफ्यात असलेलं जहाज सर्वांत मंद सोबत्याच्या चालीने चालतं. म्हणून पुस्तिकेतून वेग उचलू नका, लांबी उचला. पाणबुडी थांबवा, पेरिस्कोपची उभी रेघ एका दिशेवर स्थिर ठेवा आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जहाज ती रेघ ओलांडायला किती सेकंद घेतं ते मोजा. १२० मीटरचं जहाज २४ सेकंदांत गेलं तर वेग ५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ९.७ नॉट. (मीटर भागिले सेकंद, गुणिले १.९४.) अंतर ठाऊक नसलं तरी चालतं. पाणबुडी चालू ठेवून हे केलंत तर उत्तर चुकणारच.

आकृतीवरून दिशेचा अंदाज

पुस्तिकेतली आकृती थेट बाजूने दिसणारी असते. जहाज तिरकं असलं की दिसणारी लांबी आपली नजर आणि जहाजाची दिशा यांतल्या कोनाच्या ‘साइन’ प्रमाणे घटते: ३० अंशाला निम्मी, पण ७० अंशाला ९४ टक्के. त्यामुळे ७० ते ११० अंशांमध्ये नुसत्या लांबीवरून काहीच कळत नाही. तिथे डोलकाठ्या आणि किंगपोस्ट (माल चढवण्या-उतरवण्याचे उभे खांब) एकमेकांमागे कशा सरकतात ते बघा.

खेळ थांबवून पानं चाळणं

खऱ्या पाणबुडीत पेरिस्कोप काही सेकंदच वर असायचा. ‘पॉज’ दाबून दहा मिनिटं पानं उलटायची असतील तर खेळातली वास्तववादाची टक्केवारी शंभर ठेवण्यात काय अर्थ आहे? पेरिस्कोप खाली घेण्यापूर्वी दोनच गोष्टी मनात घ्या: वरचं बांधकाम एकसंध की तुटक, आणि पुढून मागे डोलकाठी, किंगपोस्ट, धुरांडं यांचा क्रम. मग पुस्तिकेत मोजकीच पानं उरतात.

पान सापडत नसेल तर आवृत्ती बघा. १९४३नंतर जपानने घाईघाईने बांधलेली, इंजिन मागे असलेली ठरावीक नमुन्याची जहाजं १९४२च्या पुस्तिकेत असणार कशी? २९ नोव्हेंबर १९४४ला आर्चरफिश या अमेरिकी पाणबुडीने बुडवलेलं ‘शिनानो’ हे विमानवाहू जहाज तर अमेरिकेच्या कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं. तिचा कप्तान कमांडर जोसेफ एनराइटला आपण काय बुडवलं ते पटवून द्यायला रेखाचित्र काढावं लागलं.

खोली आणि टनभार

पाण्याखालच्या भागाची नोंदलेली खोली भरलेल्या जहाजाची धरा. रिकामं जहाज वर तरंगतं, म्हणजे डोलकाठीही पाण्यापासून उंच जाते आणि स्टॅडिमीटर पुन्हा फसतो. शिवाय मार्क १४ ठरवलेल्या खोलीपेक्षा सुमारे १० फूट खोल धावतो, हे जून १९४२मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अल्बनीजवळच्या चाचण्यांत सिद्ध झालं. सुरुवातीच्या गस्तींत टॉर्पेडो कमी खोलीवर लावा.

व्यापारी जहाजाचा सकल टनभार हे घनफळाचं माप आहे, १०० घनफुटांना एक टन; युद्धनौकेचा टनभार वजनाचा. दोन्हींची बेरीज करून गस्तीचा आकडा फुगवू नका. खऱ्या कप्तानांचे आकडेही फुगलेलेच होते: अमेरिकी पाणबुड्यांनी सुमारे ४,००० जहाजं बुडवल्याचा दावा केला, युद्धानंतर अमेरिकी लष्कर-नौदलाच्या संयुक्त समितीने १,३१४ मान्य केली. त्यामुळे नोंदवहीत जहाजाच्या नावापुढे ‘बहुधा’ लिहिणं अस्सल ठरेल.