क्लासिक गाडीत कार्ब्युरेटर की मेकॅनिकल इंजेक्शन? स्क्रू फिरवण्याआधी या चुका टाळा

जुनी गाडी मिसिंग करू लागली की हात आधी हवा-पेट्रोलच्या मिश्रणाच्या स्क्रूकडे जातो. थांबा. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट, पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच), प्लग, ठिणगीचं टायमिंग आणि सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिल्याशिवाय इंधनाला हात लावू नका. 'कार्ब्युरेटर बिघडलाय' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा दोष पॉइंटमध्ये निघतो.

कार्ब्युरेटर अशी छेडछाड सहन करतो. व्हेंच्युरीतून, म्हणजे अरुंद गळ्यातून, जाणारी हवाच जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढते, त्यामुळे इंजिन थोडं झिजलं तरी तो सांभाळून घेतो. मेकॅनिकल इंजेक्शनमध्ये पंपच दाबाने पेट्रोल सोडतो. बीएमडब्ल्यू २००२ टीआयआयमधला कुगलफिशर पंप किंवा १९६९ च्या पोर्श ९११ एसमधला बॉश पंप मात्र हवा मोजतच नाही. थ्रॉटल (हवेची झडप) किती उघडलाय आणि इंजिन किती वेगाने फिरतंय, मुख्यतः एवढंच त्याला कळतं. बाकीचा हिशोब पंपाच्या आतल्या कॅमच्या (खास आकाराच्या फिरत्या तुकड्याच्या) आकारात कारखान्यातच कोरलेला असतो. इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललात तर पंपाला त्याचा पत्ताही नसतो. थ्रॉटल आणि पंप जोडणाऱ्या दांड्यांची लांबी चुकली तरी मिश्रण बिघडतं, आणि लोक पंप खोलून बसतात! आधी दांड्या मापून घ्या.

१९६७ च्या ट्रायम्फ टीआर५ मधली ल्युकसची पद्धत आणखी वेगळी. ती मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम पाहून पेट्रोल ठरवते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा गळली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. इथे व्हॅक्यूमची नळी चिरली तर यंत्रणेला वाटतं इंजिनावर जोर आलाय, आणि ती पेट्रोल वाढवते. म्हणजे काळा धूर दिसला तरी आधी ती नळी तपासा.

दाबाची चूक धोक्याची आहे. कार्ब्युरेटरला साधारण ३ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात, ल्युकसला १०० च्या आसपास लागतात. इंजेक्शनच्या लाइनवर साधा रबरी पाइप आणि स्क्रूची क्लिप लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. उलट, कार्ब्युरेटरला जोरकस इलेक्ट्रिक पंप जोडला तर नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणारी सुईची झडप) दबून राहत नाही आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी) ओसंडतो.

१९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलची खोड माहीत असलेली बरी. इग्निशन बंद केल्यावरही इंजिन थांबेपर्यंत पंप सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडत राहतो. ते भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकला (ऑइल मापायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला, 'अजून काळं कुठे झालंय' म्हणू नका.

बराच काळ उभ्या असलेल्या गाडीत जुनं पेट्रोल चिकट होतं. कार्ब्युरेटरचा जेट क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करा. तार घातलीत तर भोक मोठं होतं. इंजेक्शनच्या गाडीत मात्र स्टार्टर मारूच नका. टाकी रिकामी करून धुवा, फिल्टर बदला, मग पंपाला दातेरी पट्टा असेल तर तो काढून पंप हाताने फिरतो का पाहा. अडकत असेल तर जोर न लावता काढून जाणकाराकडे द्या.