मालिका बघायची, पण वही घेऊन

स्त्री अभ्यासाच्या एम.ए.च्या प्रबंधासाठी मराठी मालिका किंवा सिनेमा घेतला म्हटलं की घरून ठरलेला प्रश्न येतो, ‘हे बघायला फी भरायची?’ उत्तर देत बसू नका. पहिलं सत्र संपेपर्यंत रोज रात्री टीव्हीसमोर तुम्ही सगळ्यांचा रसभंग करायला लागलेले असाल.

वाचनयादीत सुरुवातीलाच चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वीचा १९७५चा निबंध असतो. हॉलिवूडच्या सिनेमात पुरुष बघतो, बाई बघितली जाते, आणि प्रेक्षकही नायकाच्याच डोळ्यांत जाऊन बसतो, हा तिचा मुद्दा. पण मनोविश्लेषणाची परिभाषा पहिल्या वाचनात अंगावर येते. म्हणून आधी गाणं घ्या. ‘पिंजरा’मधली (१९७२) एखादी लावणी आवाज बंद करून बघा आणि प्रत्येक शॉटला एक ओळ लिहा : चौकटीत कोण आहे, शरीराचा कुठला भाग, कॅमेरा कुणाच्या जागेवरून बघतोय, ती उलट कुणाकडे बघतेय. मग मल्वी उघडा. बराचसा निबंध तुमच्या वहीत आधीच उतरलेला असेल.

मात्र तमाशातली बाई आणि तिच्या पायी घसरलेला मास्तर ही गोष्ट नुसत्या नजरेच्या सिद्धान्तानं उलगडत नाही. फडावर नाचणाऱ्या बाईची जात कोणती, हे मल्वी विचारत नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे विचारतात. लावणी कलावंत स्त्रियांवरच्या त्यांच्या १९९५च्या लेखात पेशवाईपासूनचा धागा आहे. कनिष्ठ मानलेल्या जातींतल्या बायकांचं शरीर म्हणजे कायम वासनेचं घर, अशी प्रतिमा लावणीत रंगवली गेली आणि त्या बायकांचे श्रम नि लैंगिकता वापरून घेणं त्यामुळे रीतसर ठरलं, असं त्या दाखवतात. हा लेख बहुतेक जण पुढच्या सत्रासाठी ठेवतात. माझ्या मते मल्वीच्या पाठोपाठ त्याच आठवड्यात वाचावा. त्यानंतर फक्त महिलांसाठी होणाऱ्या लावणीच्या प्रयोगाला जाऊन या. तिथे शिट्ट्या मारणाऱ्याही बायकाच असतात. त्या कुणाच्या नजरेनं बघतात? कुणाला विषय सुचत नसेल तर इथे एक पडलेला आहे.

बेक्डेल चाचणीवर फार विसंबू नका. ॲलिसन बेक्डेलच्या १९८५च्या चित्रपट्टीतून आलेली ही कसोटी म्हणते, कथेत दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी. आपल्या सासू-सुनांच्या मालिका यात हसतहसत पास होतात. तिजोरीच्या किल्ल्या, इस्टेट, मोदकाचं सारण, कितीतरी विषय!

प्रेक्षकांच्या मुलाखती घेणार असाल तर आधी माध्यमांचा अभ्यासक स्टुअर्ट हॉल वाचा. संदेश पाठवणाऱ्याला अभिप्रेत असलेला अर्थ लोक जसाच्या तसा घेतात, थोडा वळवून घेतात किंवा सरळ झिडकारतात, असं त्यानं १९७३ मध्ये मांडलं. दूरदर्शनच्या प्रेक्षक स्त्रियांवरचं पूर्णिमा मानकेकरांचं १९९९चं पुस्तकही जवळ ठेवा. प्रत्यक्ष बोलताना ‘ही मालिका तुम्हाला स्त्रीविरोधी वाटते का?’ असं काकूंना विचारलंत, तर तुम्हाला हवं असलेलंच उत्तर मिळेल. ‘काल काय झालं हो?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. ‘असं कुठे असतं का!’ म्हणत त्या अख्खा भाग रंगवून सांगतील, मध्येच स्वतःच्या नणंदेवर घसरतील, साडीच्या पदरावर येतील. हॉलचा मधला गट पुस्तकाबाहेर दिसतो तो असा. रेकॉर्डिंगला परवानगी मात्र आधी घ्या, नणंदेच्या भागासकट.

‘हे सगळं परदेशी फॅड’ असं कुणी म्हणालं तर ताराबाई शिंदे पुढे करा. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ची. आपल्या काळातल्या नाटक-कादंबऱ्यांनी बाई कशी रंगवली, याचाही त्यात त्यांनी खरपूस समाचार घेतला आहे. त्यांची भाषा आजच्या कुठल्याही प्रबंधापेक्षा चवदार आहे.

नोकरीचं थोडक्यात : नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, स्त्री अभ्यास हा स्वतंत्र विषय आहे, पण प्राध्यापकीच्या जागा कमी. संस्थांमधलं संशोधन, माध्यमं, संहितालेखन इकडेही डोळे उघडे ठेवा.

आणि ज्या भागावर लिहिताय त्याची तारीख, भाग क्रमांक आणि मिनिट त्याच दिवशी टिपून ठेवा. मालिका ॲपवरून कधी गायब होईल याचा नेम नसतो, आणि परीक्षक नेमका तोच प्रसंग विचारतात.