सूट कशावर मोजली? तंत्रवस्तू घेताना या चुका टाळा

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत नागपुरातल्या सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर ‘४० टक्के सूट’ असे फलक लागतात. पण ही सूट कोणत्या किमतीवर मोजली आहे, असे विचारणारा ग्राहक विरळाच. बहुधा ती छापील कमाल किरकोळ किमतीवर, म्हणजे एमआरपीवर मोजलेली असते. एमआरपी ही केवळ वरची मर्यादा आहे. त्या भावाने माल कधी विकला गेला होता, असा तिचा अर्थ होत नाही. ४९,९९० रुपये छापलेला टीव्ही वर्षभर ३२,००० ला मिळत असेल आणि ‘महाबचत’ म्हणून ३०,९९९ ला आला, तर वाचले हजार रुपये, १९,००० नव्हे. म्हणून खरेदीच्या तीन-चार आठवडे आधीपासून भाव टिपून ठेवावेत. ॲमेझॉनवरील वस्तूंचा जुना भाव ‘कीपा’सारख्या साधनावर आलेखासह दिसतो.

करकपातीला दुकानाची सूट समजणे ही दुसरी चूक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ५१,२०० रुपयांचा टीव्ही निव्वळ करामुळेच ४७,२०० वर उतरायला हवा. मोबाइल आणि लॅपटॉपवरील कर मात्र आधीही १८ टक्केच होता, तेव्हा त्यांच्यावर ‘जीएसटी कपात’ असे लिहिलेले दिसले तर तो फलक वाचून पुढे जावे.

माझी स्वतःची फसगत लॅपटॉपमध्ये झाली. सीताबर्डीतल्या एका दुकानात ‘आय-५, ८ जीबी’ एवढेच वाचून मी स्वस्ताईवर भाळलो आणि प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, हे घरी आल्यावर कळले. आय-५ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसर-मालिकेचे नाव आहे. पिढी पुढच्या क्रमांकावरून ओळखावी लागते, जसे ८२५० म्हणजे आठवी आणि ११३५ म्हणजे अकरावी. विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते, आणि विंडोज १० चे नियमित मोफत अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे असा माल निम्म्या भावातही महागच पडतो. भाव जुळवताना संपूर्ण मॉडेल क्रमांक जुळवावा, नाव नव्हे.

‘बिनव्याजी’ हप्त्यांत व्याज असतेच. ते विक्रेता किंवा कंपनी सूट म्हणून आधीच वजा करते, पण त्यावरचा जीएसटी ग्राहकाकडूनच जातो. ३०,००० रुपयांचा फोन सहा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर वार्षिक १५ टक्के असला, तर व्याज सुमारे १,२७० रुपये होते आणि त्यावरील कर सुमारे २२९. प्रक्रिया शुल्क आणखी वेगळे. एकरकमी पैसे भरल्यास मिळणारी सूट यापायी हातची गेली, तर हिशेब उलटाच पडतो. बँकेच्या कार्डावरील ‘१० टक्के’ सवलतीलाही कमाल रकमेची अट असते, ती बारीक अक्षरांत शोधावी.

‘बिल नको असेल तर आणखी हजार कमी’ हा प्रस्ताव नाकारावा, कारण बिलाविना हमी मागताना हात रिकामे राहतात. फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक पाहावा, तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा. जाहिरातीचा स्क्रीनशॉटही जपून ठेवावा. वाद झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना तो आणि बिल, दोन्ही कामी येतात.