पाडलेल्या तटाची प्रदक्षिणा: निघण्याआधीची तयारी

मुंबईच्या फोर्ट भागात रविवारी पायी फेरा मारायचा तर सुरुवात शनिवारी संध्याकाळी होते, आणि बुटांपासून नव्हे, मेगाब्लॉकपासून, म्हणजे रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचे मार्ग काही तास बंद ठेवतात त्यापासून. उद्या कुठल्या मार्गावर, कुठून कुठपर्यंत आणि किती वाजता ब्लॉक आहे ते आधी बघून ठेवा. आमच्यासारख्या डोंबिवलीकरांना सकाळी मुंबईत पोचणं सोपं असतं, घोळ परतताना होतो. एकदा दुपारी दोनला सीएसएमटीवर उभं राहून आम्ही तासभर नुसते इंडिकेटर वाचले होते. तेव्हापासून पहिली साडेसहाची गाडी धरायची आणि उन्हं चढायच्या आत मोठा भाग उरकायचा, असं ठरलं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे चालायचं कशामागे, हे घरीच ठरवा. 'फोर्ट बघू या' म्हणून निघालं की माणूस दोन इमारतींचे फोटो काढतो आणि चहा पिऊन परत येतो. आम्ही एका रविवारासाठी जो किल्ला उरलेला नाही त्याचीच प्रदक्षिणा निवडली. 1860 च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला. वस्ती त्याच्या आत मावेनाशी झाली होती. तट गेला, पण नावं राहिली. चर्चगेट स्टेशनाबाहेर उभं राहून चर्च शोधणारे पाहुणे आम्ही पाहिले आहेत. तिथे ना चर्च, ना गेट! हा दरवाजा आजच्या हुतात्मा चौकापाशी होता आणि त्याला नाव मिळालं ते आतल्या सेंट थॉमस चर्चवरून. हे चर्च 1718 मध्ये खुलं झालं. जुन्या मुंबईचे मैलाचे दगड इथूनच मोजलेले होते. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, म्हणून बघायला जायचं तर ती संपल्यावर, आणि कपडे जरा बेताचे.

वाट अशी: सीएसएमटीवरून सेंट जॉर्ज रुग्णालयाकडे. तिथल्या आवारात जुन्या फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा एक तुकडा अजून आहे. रुग्णालय आहे हे विसरू नका, दारावर विचारूनच पुढे जा आणि घोळका करू नका. मग टाकसाळ, टाउन हॉलच्या 30 पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, चर्च, आणि शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेला लायन गेटपर्यंत. किल्ल्याचा समुद्राकडचा भाग नौदलाच्या ताब्यात आहे, तिथे मोबाइल खिशात ठेवायचा. पाट्या असतात, तरी लोक फोटो काढतात आणि मग पहारेकऱ्याशी वाद घालत बसतात. लायन गेटवरून काळा घोडा, हुतात्मा चौक, आणि दादाभाई नौरोजी मार्गाने परत सीएसएमटी. सगळं मिळून चारेक किलोमीटर, पण थांबत, माना वर करत चाललं तर साडेतीन तास लागतातच. दादाभाई नौरोजी मार्ग मुद्दाम शेवटी ठेवला आहे. अकरा वाजता ऊन डोक्यावर येतं तेव्हा तिथल्या इमारतींच्या कमानींखालून सावलीत चालता येतं. शिवाय सीएसएमटीलाच परतायचं असल्यामुळे रिटर्न तिकीट वाया जात नाही. मध्य रेल्वेचं तिकीट घेऊन पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटला जाऊन बसणं आम्हीही करून चुकलो आहोत.

आता सामान. बूट जुने, मळलेले, पायाला सरावलेले. नवे बूट पहिल्यांदा अशा दिवशी घालू नका. माझ्या टाचेला हॉर्निमन सर्कलपाशीच फोड आला होता आणि पुढचं निम्मं काही बघितलंच नाही. मोज्यांचा एक जादा जोड आणि दोन पट्ट्या पिशवीत. माणशी एक लिटर पाणी, त्यातल्या एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. खाणं घरून न्या. गूळ-शेंगदाणे किंवा मेथीचे ठेपले चालतात. फोर्टातली बरीच उपाहारगृहं कचेऱ्यांवर जगतात, त्यामुळे रविवारी तिथे शटरच दिसतात. त्याचा फायदाही आहे. एरवी विक्रेते आणि गर्दी यांत नजर वर जातच नाही, रविवारी दगडी महिरपी आणि इमारतींवर कोरलेली नावं निवांत वाचता येतात. सुटे पैसे लागतात, विशेषतः स्वच्छतागृहासाठी. ते स्टेशनवरच उरकून निघा, मध्ये भरवसा नाही. टोपी घ्या. छत्री पावसाळ्यातच, पण हा फेरा पावसाळ्यात करूच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

आणि एक छोटी वही. मोबाइलमध्ये तीनशे फोटो जमतात, पण कुठली कमान कुठल्या इमारतीची हे रात्री आठवत नाही. गाडीत बसायला जागा मिळाली की नोंदी भायखळा यायच्या आत लिहून टाका. त्यानंतर डोळा लागतो.